1398 साल, थाळनेर आणि बिनमिरचीचं भरीत

"हाई काय करी राह्यना रे भो?" दिवाळीपासून माय रोज संध्याकाळी हेच विचारायची. मी ओट्यावर दोन पकडी घेऊन तारेच्या कड्या एकमेकींत ओवत बसलेला.

आम्ही धुळ्याची आठ टाळकी. जानेवारीत दोन रात्री तापीकाठी थाळनेरला एका मित्राच्या मामांच्या शेतात जुन्या काळच्या सैनिकांसारखा तळ टाकायचा, असं ठरलं. साल धरलं 1398. शिवकाळ का नाही, हे सगळ्यांनी विचारलं. शिवकाळाचे देखावे गावोगावी होतात; पण बुऱ्हाणपूर वसण्याआधी खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची गादी आपल्या थाळनेरला होती, हे धुळ्यातही कितीजण सांगतील? दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने 1370 साली या घराण्याच्या मूळ पुरुषाला, मलिक राजाला हा मुलूख दिला, 1382 मध्ये तो स्वतंत्र झाला आणि 1399 मध्ये वारला. म्हणजे आमचा तळ त्याच्या शेवटच्या दिवसांतला.

चिलखताने माझा जीव खाल्ला. सोळा गेजची तार आठ मिलिमीटरच्या सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची, कटरने कापून एकेक कडी सुटी करायची, मग प्रत्येक कडीत चार कड्या. अर्ध्या बाह्यांच्या अंगरख्याला अठरा हजारांच्या आसपास कड्या लागल्या, वजन साडेआठ किलो. खऱ्या चिलखतात प्रत्येक जोड रिबीट मारून बंद करत. माझ्या कड्या नुसत्या दाबलेल्या, हे आधीच कबूल करतो. गॅल्व्हनाइज्ड तारेने बोटं काळी पडली ती संक्रांतीपर्यंत. घालून पाहिलं तर पाच मिनिटांत खांदे भरून आले. कमरेला पट्टा घट्ट आवळून वरचं चिलखत थोडं ओढून त्यावर सोडलं, तेव्हा निम्मं वजन कमरेवर आलं. आत रुई भरलेली बंडी हवीच. ती मायने गोधडीच्या टाक्यांनी शिवून दिली, बडबड करत.

तलवारी लोहाराकडून गाडीच्या पाट्याच्या करून घेतल्या. धार नाही, कडा गोल घासलेल्या, टोकही बोथट. यात तडजोड नाही. माझा चष्मा मात्र 1398 मध्ये बसेना. तो काढला तर भाला कुणाला लागेल याचा भरवसा नाही, म्हणून भाला दुसऱ्याकडे आणि चष्मा नाकावर.

राहुटी सोपी वाटली होती. मांजरपाट, बांबू, अंबाडीचे दोर, बाभळीच्या खुंट्या. थाळनेरच्या जुन्या कबरींच्या आसपास एकही खुंटी ठोकायची नाही, हे आधीच ठरलेलं. मामांचं शेत तिथून लांब होतं. दुपारी राहुटी ताठ उभी केली, दोर तंबोऱ्यासारखे ताणले आणि फोटो काढले. पहाटे चारला ती आमच्या अंगावर. नायलॉनच्या दोरीची सवय झालेल्या माणसाला हे सुचतच नाही: अंबाडीचा दोर दव पिऊन आखडतो. नदीकाठचं दव, भुसभुशीत काळी माती आणि सरळ उभ्या ठोकलेल्या खुंट्या. दोरांनी त्या मुळ्यासारख्या उपटल्या. दुसऱ्या दिवशी खुंट्या राहुटीपासून बाहेर झुकवून खोल ठोकल्या आणि झोपण्याआधी प्रत्येक दोर चार बोटं ढिला केला. कापडाला आतून हात लावायचा नाही, हेही त्याच रात्री कळलं. जिथे माझं डोकं टेकलं, तिथूनच ओल झिरपली.

पण खरी कसोटी चुलीपाशी. मिरची आणणारे पोर्तुगीज यायला अजून 100 वर्षं, म्हणजे मिरची नाही. टोमॅटो, बटाटा नाही. शेंगदाणेही नाहीत! खानदेशी माणसाला मिरची आणि शेंगदाणे बंद केल्यावर उरतं काय? शेवभाजीचं नाव काढायचं नाही. कळण्याची भाकरी चालते, ज्वारी आणि उडीद दोन्ही तेव्हा इथे होते. वांगीही चालतात. मायला सांगितलं तर म्हणाली, "मिरचीबगर भरीत? तुन्हं डोकं फिरनं का?"

कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली. लसूण, आलं, कांद्याची पात, खडा मीठ, तिळाचं तेल, आणि तिखटासाठी मिरे नि पिंपळी. मिऱ्याचा तिखटपणा जिभेवर न बसता घशात उतरतो. पहिल्या घासाला सगळे गप्प. वाईट नव्हतं, पण भरीतही नव्हतं. एकजण म्हणाला, औषधासारखं लागतंय.

दुसऱ्या रात्री एरंडेलाच्या दिव्याशी जेवायला बसलो, तर मामा आले. उपरण्याच्या गाठीतून मूठभर हिरव्या मिरच्या काढून त्यांनी काही न बोलता ताटांच्या मधोमध ठेवल्या. सहा जणांनी तिथल्या तिथे 1398 साल सोडलं. मी आणि आमचा लोहारकाम बघणारा गडी तेवढे टिकलो, तेही भाकरी अर्धी होईपर्यंत.