ओ-गोशी आणि डावा हात

मंगळवार, रात्री सव्वादहा

अंग ठणकतंय, पण झोपायच्या आधी लिहून ठेवते. उद्या ऑफिसच्या गडबडीत निम्मं विसरायला होईल.

आज ज्युदोचा अख्खा क्लास ओ-गोशीचा, म्हणजे समोरच्याला कमरेवर घेऊन फेकायच्या डावाचा. आधी उचीकोमी: फेकायचं नाही, नुसतं आत शिरायचं, कंबर लावायची, बाहेर यायचं, पुन्हा आत. प्रत्यक्ष फेक अगदी शेवटी. माझ्या जोडीला फर्स्ट इयरची एक मुलगी आहे, माझ्याहून वीतभर उंच. 'ताई, लागलं नाही ना?' असं विचारत विचारत बिनदिक्कत आपटते.

पायांचं काम आता बसलंय. उजवा पाय तिच्या उजव्या पायाच्या बोटांपुढे, तिथंच गर्रकन वळायचं, डावा पाय मागून आणून शेजारी टेकवायचा. उजवा हात तिच्या कमरेमागून. गुडघे वाकलेले, माझा पट्टा तिच्या पट्ट्याच्या खाली. मग गुडघे सरळ, मान डावीकडे, की ती पाठीवरून पलीकडे. नवीन मुलं पाय ताठ ठेवून कमरेतून पुढे वाकतात आणि दुसऱ्या दिवशी पाठ भरली म्हणून सांगतात. मार्केट यार्डातला हमाल पोत्याखाली कसा जातो ते त्यांना एकदा दाखवायला हवं. आधी खाली बसतो, पोतं पाठीवर येऊ देतो, मग पायांनी उठतो. बुटक्यांना इथे आयतीच सवलत आहे. बसमधल्या दांडीपर्यंत न पोचणाऱ्या मला ओ-गोशीत मात्र फारसं वाकावंही लागत नाही!

डोक्यात घोळतोय तो डावा हात. तो तिची उजवी बाही कोपराजवळ धरतो. सर ओरडतात, "घड्याळ बघ, घड्याळ!" म्हणजे मनगटावरची वेळ बघताना कोपर वर येतं, तसा हात वर आणि बाहेर ओढायचा. ही ओढ आधी लागली तर माझी कंबर पोचेपर्यंत ती चवड्यांवर आलेली असते. नाही लागली तर कंबर कितीही छान बसू दे, ती खांबासारखी उभी. आधी तोल मोडा, मग जागा घ्या, मग फेका, हा क्रम ज्युदोचे जनक कानो जिगोरोंनी घालून दिला. कुझुशी, त्सुकुरी, काके. लोक कंबरेचे फोटो काढतात, पण तोपर्यंत अर्धं काम होऊन गेलेलं असतं.

हे फेकताना कळत नाही, फेकले गेल्यावर कळतं. तिची ओढ चांगली लागली की कोणी उचललं असं वाटतच नाही. टाचा सुटतात, ट्यूबलाइट दिसते, आणि डावा तळवा मॅटवर फाडकन वाजतो. शेवटी तोच हात माझी बाही वर धरून ठेवतो, म्हणून डोकं आपटत नाही. उकेला, म्हणजे फेकल्या जाणाऱ्याला, सांभाळायचं ते त्या हातानेच.

कानोंनी 1882 मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांचा स्वतःचा आवडता डाव उकी-गोशी, ओ-गोशीचाच भाऊ, फक्त कंबर इतकी खोल जात नाही. त्यांचा शिष्य साइगो शिरो त्या कंबरेवरून टुणकन उडी मारून सुटायचा, म्हणून कानोंनी पाय पसरून त्याची वाट अडवली आणि हाराइ-गोशी जन्माला आली, असं सांगतात. शिष्याच्या खोडीतून डाव निघाला, ही गोष्ट मला फार आवडते.

रविवारी मामाकडे गेले होते, तेव्हा त्याला आमच्या सरावाचा व्हिडिओ दाखवला. मामा तरुणपणी कराडकडच्या तालमीत घुमलेला. म्हणाला, "ह्यात नवीन काय? ढाक आहे की!" अगदी तशी नाही, कुस्तीतल्या ढाकेत हात मानेभोवती जातो, म्हणजे आमच्यातली कोशी-गुरुमा तिच्या जास्त जवळची. 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेणारे खाशाबा जाधव ह्याच ढाकेसाठी नावाजलेले. मामाचा आक्षेप एकच: "कपडे धरून कसली कुस्ती?"

मी म्हटलं, मग तुम्ही ओढायचात कशाला धरून? तो खुर्चीतून उठला, चष्मा काढून टीव्हीवर ठेवला आणि माझा दंड कोपराच्या जरा वर धरला. अंगठा आतल्या बाजूने, चार बोटं मागून. फार जोर नव्हता, पण ओढ वर आणि बाहेर. मी चवड्यांवर! मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं!"

आज बाहीऐवजी मनात तो दंड धरला आणि त्या उंच मुलीची टाच पहिल्यांदा वेळेत सुटली. रांदोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, जमेल असं मुळीच नाही, तिथे ती थोडीच उभी राहणार आहे. गुरुवारी सर हेच डावीकडून घेणार आहेत. तिकडे तर माझे पाय कुठे पडतात ते मलाच कळत नाही. दंडाला बाम लावून झोपते आता.