स्तेफानो चेरिओनी: सुवर्णपदकानंतरची कमाई

इटलीच्या स्तेफानो चेरिओनी यांनी १९८४ साली लॉस एंजेलिसला फॉइल या तलवारबाजीच्या प्रकारात सांघिक आणि १९८८ साली सोलला वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. तरी मला ते प्रशिक्षक म्हणून जास्त मोठे वाटतात. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा फॉइल संघ त्यांच्याकडे होता आणि महिलांची तिन्ही वैयक्तिक पदकं इटलीनेच नेली: दी फ्रान्चिस्का, एरिगो, वेझाली. पुढे ते रशियाकडे गेले. २०१६ला रिओत देरिग्लाझोवाने सुवर्ण घेतलं. २०२१मध्ये ते पुन्हा इटलीकडे आले.

या खेळात प्रशिक्षकाची खरी कसोटी लागते ती एकास एक धड्यात. तो चामड्याचं जाड जाकीट घालून समोर उभा राहतो, मुद्दाम जागा उघडी सोडतो आणि विद्यार्थ्याने ती टिपायची. आधी हात लांबवायचा, मग पुढचा पाय टाकायचा. नवखे नेमकं उलटं करतात. पाय आधी पडला की हल्ल्याचा हक्क (दोघांचे वार एकदम लागले तर गुण कोणाला, ते ठरवणारा) हातचा जाऊ शकतो, कारण फॉइलमध्ये हा हक्क हात लांबवून धडावर रोख धरणाऱ्याला मिळतो. दुसरी चूक मुठीची. मूठ आवळली की तलवारीचं टोक भरकटतं, तिरकं लागून घसरतं. ५०० ग्रॅमचा दाब बसत नाही आणि वार नोंदवणारा दिवा लागतच नाही.