पाऊण किलोचा जीव

शहापुरातल्या आमच्या घरी ऐन श्रावणात ९ आठवड्यांची टॉय पॉमेरेनियन पिल्ली आली, तेव्हा आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचे वजन जेमतेम ७५० ग्रॅम भरले. दुसऱ्याच पहाटे ती डळमळू लागली आणि हाक मारूनही मान उचलेना. एवढ्याशा जिवाच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असल्याने रात्रभर पोट रिकामे राहिले तरी रक्तातील साखर घसरते, असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले. त्यांच्या सांगण्यावरून बोटाने हिरड्यांना मध चोळला (तोंडात ओतला असता तर ठसका लागला असता), शालीत गुंडाळून दवाखाना गाठला. आता दर ३-४ तासांनी भिजवलेले खाद्य देतो. पहाटेची पाळी बाबांची. कुंदा (दुधाची गोड मिठाई) भरवण्याचा आजीचा आग्रह मात्र सुटलेला नाही, म्हणून डबा वरच्या फळीवर ठेवला आहे.