गादीत जेल भरणं सोपं, टिकवणं अवघड

मणक्यांमधल्या झिजलेल्या गादीत इंजेक्शनने भरायच्या जेलचा विषय निघाला की गाडी लगेच 'कुठलं जेल'वर येते. हायलुरॉनिक आम्ल, अल्जिनेट, कायटोसान, फायब्रिन. पण भरलेलं जेल आत राहतं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

गादीच्या मऊ गाभ्यातलं ॲग्रेकन (साखरेच्या साखळ्या जोडलेलं मोठं प्रथिन) ऋणभारित असतं, म्हणून ते पाणी ओढून धरतं आणि गाभा फुगून वजन पेलतो. ॲग्रेकन तुटलं की पाणी घटतं आणि भार बाहेरच्या कड्यावर पडतो. कमरेच्या गादीत नुसतं उभं राहिलं तरी साधारण ०.५ मेगापास्कल दाब असतो. वाकून २० किलो उचलताना मोजलेला दाब २.३ भरला होता. हा दाब जेलला सगळ्यात कच्च्या जागेकडे ढकलतो, आणि सुईचं भोक ही तशीच एक जागा.

म्हणून सुई बारीक हवी, २२ ते २५ गेज. तीही निरुपद्रवी नाहीच. २००९च्या एका अभ्यासात, दहा वर्षांपूर्वी बारीक सुईने डिस्कोग्राफी (गादीत रंगद्रव्य टोचून एक्स-रेखाली करायची तपासणी) झालेल्या गाद्या न टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजलेल्या आढळल्या. शिवाय बारीक सुईतून घट्ट जेल जात नाही. मग सिरिंजमध्ये पातळ आणि आत गेल्यावर घट्ट होणारं जेल लागतं. कायटोसान आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेटचं मिश्रण थंड असताना वाहतं, ३७ अंशांना जमतं. इथे वेळेचं गणित चुकतं. सुई स्नायूंतून जाताना तापते. हात मध्येच थांबला तर जेल सुईतच जमतं. उलट जमायच्या आत सुई ओढली तर ते सुईमागोमाग बाहेर येतं. जेलमध्ये जिवंत पेशी मिसळलेल्या असतील तर गळती आणखी महागात पडते: सशांमध्ये गळलेल्या मूळपेशींच्या जागी हाडाचे काटे वाढलेले दिसले आहेत. (तशाही पेशींना आत प्राणवायू आणि ग्लुकोज जेमतेमच मिळतं.)

गाभा न काढता भरायचं तर १ ते २ मिलीच्या पुढे सहसा जागा नसते. सिरिंजचा दट्ट्या जड लागला की थांबायचं. जोर लावला तर कड्यातली जुनी चीर उघडते. जेलआधी सी-आर्मखाली (चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली) थोडं रंगद्रव्य सोडून पाहावं. ते एपिड्युरल जागेत, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत उतरलं, तर कडं आरपार फाटलेलं आहे; त्या गादीत जेल भरू नये.