शिकागोतली यू-५०५ : पकडलेल्या पाणबुडीच्या पोटात

शिकागोत फिरायला येणारे बहुतेक जण डाउनटाउनच्या उंच इमारती, नदीतली बोटसफर आणि मिलेनियम पार्क करून परततात. शहराच्या दक्षिणेला, मिशिगन तलावाच्या काठी जॅक्सन पार्कमध्ये विज्ञान आणि उद्योगाचं एक प्रचंड संग्रहालय आहे, तिकडे फार कमी जण वळतात. १८९३च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या कलादालनाची ही इमारत. विवेकानंदांचं भाषण झालं ती सर्वधर्म परिषदही याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, फक्त ती जागा इथून लांब, शहराच्या मध्यभागी आहे. मी मात्र या इमारतीत आलो होतो तो तिच्या तळघरातल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडीसाठी.

यू-५०५ जमिनीखाली एका खोल दालनात ठेवली आहे. तिथे पोचायच्या वाटेवर युद्धकाळातली चित्रफीत, बातम्या आणि नकाशे लागतात. मग वळण येतं आणि पाणबुडीचं नाक अचानक समोर उभं राहतं. लांबी ७६ मीटरहून जास्त. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली कुरसुरा मी पाहिली आहे, त्यामुळे पाणबुडी नवी नव्हती. पण ही बोट माणसं मारत, मार खात आणि शेवटी शत्रूच्या हाती सापडून इथवर आली आहे, हे मनातून जात नव्हतं.

तिचा जन्म हॅम्बुर्गचा. २६ ऑगस्ट १९४१ला ती जर्मन नौदलात दाखल झाली. जातीने ती नऊ-सी, म्हणजे लांब पल्ल्याची, दूरच्या समुद्रात एकटीने शिकार करणारी. टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जहाजावर धावणारे बॉम्ब, सोडायला पुढे चार आणि मागे दोन अशा सहा नळ्या, पोटात असे बावीस टॉर्पेडो. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सच्या लोरियां बंदरातून निघायचं आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नाहीतर कॅरिबियन समुद्रात दबा धरायचा, हे तिचं काम.

तिचा पहिला कप्तान आक्सेल-ओलाफ लोवे. त्याच्या हाताखाली तिने सात जहाजं बुडवली. त्यातल्या पहिल्याच नावाशी मी थबकलो. बेनमोर हे ब्रिटिश मालवाहू जहाज मुंबईहून डरबनमार्गे फ्रीटाऊनकडे चाललं होतं आणि ५ मार्च १९४२ला ते बुडालं. सुदैवाने त्यावरचे सगळे वाचले, ब्रिटिशांच्या सागरी विमानाने त्यांना उचललं. आपल्या बंदरातून हमालांनी भरलेला माल आफ्रिकेच्या बाजूला समुद्रतळाशी गेला. मुंबईच्या गोदीचं आणि अटलांटिकच्या लढाईचं नातं इतकं थेट होतं, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

जुलै १९४२मध्ये लोवेने कोलंबियाचं एक शिडाचं जहाज तोफेने बुडवलं. शिडाचं जहाज बुडवणं अपशकुनी, ही खलाशांची जुनी समजूत. त्यानंतर लोवेला अपेंडिक्सचा त्रास झाला, मोहीम आवरती घ्यावी लागली आणि बोट पेटर त्शेख या तरुण अधिकाऱ्याकडे गेली. खलाशांनी पुढच्या सगळ्या दुर्दैवाचं खापर त्या शिडांवर फोडलं.

माझं मत वेगळं आहे. माणसं बदलली तशी बोट बदलली. १० नोव्हेंबर १९४२ला त्रिनिदादजवळ एका ब्रिटिश हडसन विमानाने इतक्या खालून बॉम्ब टाकले, की स्फोटात विमान स्वतःच कोसळलं आणि त्यातले सगळे वैमानिक गेले. बोटीच्या पाठीला भगदाड पडलं, डेकवरची तोफ उखडली. त्शेखने बोट सोडायचा हुकूम दिला, पण तंत्रज्ञांनी ऐकलं नाही. त्यांनी पंप दुरुस्त केले, भोकं बुजवली आणि अर्धमेली बोट महिनाभराने लोरियांला पोचवली. इतका मार खाऊन परत आलेली दुसरी जर्मन पाणबुडी नाही, असं म्हणतात. मला वाटतं, यू-५०५ आज उभी आहे ती पहिल्यांदा या कारागीर हातांमुळे.

पुढचं जवळजवळ अख्खं वर्ष वाया गेलं. बोट बाहेर पडायची, काहीतरी बिघडायचं, परत फिरायची. गोदीतले फ्रेंच कामगार मुद्दाम खोडी करून ठेवत होते. एकदा तर तेलाच्या टाकीला पेन्सिलीएवढं भोक सापडलं. पाण्यावर तेलाचा माग उमटला, की वरून विमानाला बोट सापडलीच! जर्मन पहाऱ्यात, पकडलं गेलं तर मरण ठरलेलं असताना ते भोक पाडणारा माणूस कोण असेल? त्याच्याबद्दल मला त्या दालनातल्या कुठल्याही सेनानीपेक्षा जास्त आदर वाटला.

आतल्या फेरीत कंट्रोल रूममध्ये थांबवतात. दिवे मंद होतात, डेप्थ चार्जचे, म्हणजे पाणबुडीवर टाकायच्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बचे आवाज सुरू होतात, पायाखालचं लोखंड थरथरल्यासारखं वाटतं. जेमतेम चार माणसं नीट उभी राहतील अशी ती जागा. चाकं, झडपा, काटे आणि नळ्यांनी भरलेली. २४ ऑक्टोबर १९४३ला अझोर्सच्या पूर्वेला खरे डेप्थ चार्ज फुटत असताना त्शेखने इथे, आपल्या माणसांदेखत, स्वतःवर पिस्तूल झाडलं. पाण्याखाली हल्ला चालू असताना कप्तानाने जीव दिल्याचा दुसरा दाखला सांगितला जात नाही. पॉल मायर या दुय्यम अधिकाऱ्याने सूत्रं हाती घेतली, बोट वाचवली आणि बंदरात आणली. मी तिथल्या एका झडपेच्या चाकावर हात ठेवून उभा होतो. शत्रूपक्षाचा असला, तरी त्या माणसाच्या एकटेपणाने गलबलून आलं.

आत माणसांपेक्षा बंक, म्हणजे झोपायच्या फळ्या, कमी. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या गरम अंथरुणात शिरायचा. दोनांपैकी एका संडासात मोहिमेच्या सुरुवातीला खाण्याचं सामान भरलेलं असे. मुंबईतल्या चाळीत वाढलेल्या माणसाला अडचणीची सवय असते, पण चाळीला खिडकी असते. यू-बोटींवर, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या चार जर्मनांपैकी साधारण तीन परत आले नाहीत. नाझी सत्तेसाठी लढलेल्या बोटीचं कौतुक मला करायचं नाही, तिने बुडवलेल्या जहाजांवरही माणसंच होती. पण त्या बंकांसमोर हा आकडा वेगळाच कळतो.

आता तिच्या पकडण्याविषयी. अमेरिकन नौदलाचे कॅप्टन डॅनियल गॅलरी ग्वाडलकॅनाल ही छोटी विमानवाहू नौका आणि तिच्या रक्षणाची पाच एस्कॉर्ट जहाजं घेऊन अटलांटिकमध्ये पाणबुड्या शोधत होते. एप्रिल १९४४मध्ये त्यांनी यू-५१५ला वर यायला लावलं आणि ती बुडण्याआधी काही वेळ तरंगत राहिली. तेव्हाच त्यांनी ठरवलं, पुढची बुडवायची नाही, तिच्यावर चढायचं. त्यासाठी जहाजांवर तुकड्या तयार ठेवल्या.

४ जून १९४४, रविवार. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे दीडशे मैल. इंधन संपत आलं म्हणून ताफा कासाब्लांकाकडे वळला होता, तेवढ्यात शॅटलेन या जहाजाच्या सोनारवर, म्हणजे आवाजाने पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्रावर, खूण उमटली. वरच्या विमानांनी पाण्यात गोळ्या झाडून जागा दाखवली, डेप्थ चार्ज पडले आणि काही मिनिटांत यू-५०५ वर आली. नवा कप्तान हाराल्ड लांगे जखमी झाला, त्याचा एक पाय पुढे कापावा लागला. खलाशांनी पाणी आत सोडलं आणि समुद्रात उड्या टाकल्या. सुकाणू अडकल्याने रिकामी बोट गोलगोल फिरत होती.

लेफ्टनंट अल्बर्ट डेव्हिड आणि त्यांची छोटी तुकडी त्या फिरत्या बोटीवर चढली आणि आत उतरली. आत कुणी दबा धरून बसलंय का, स्फोटकं कधी फुटतील, काहीच ठाऊक नव्हतं. झेनन लुकोसियस या खलाशाला समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळीवरच्या गाळणीचं उघडं तोंड दिसलं, तिथून लोंढा येत होता, त्याचं झाकण जवळच पडलेलं मिळालं, ते त्याने बसवलं आणि बोट तरली. डेव्हिडना सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण ते घ्यायला ते हयात नव्हते. ते त्यांच्या पत्नीने स्वीकारलं.

हाती लागली संदेश सांकेतिक करणारी दोन एनिग्मा यंत्रं, सांकेतिक पुस्तकं आणि आवाजामागे धावणारे टॉर्पेडो. पण बोट पकडली गेल्याचा जर्मनांना नुसता संशय जरी आला असता, तरी त्यांनी संकेत बदलले असते. दोस्त राष्ट्रांचं फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरचं आक्रमण दोन दिवसांवर होतं. म्हणून बोट ओढत बर्म्युडाला नेली, तिला निमो असं खोटं नाव दिलं आणि ताफ्यातल्या जवळपास तीन हजार खलाशांनी तोंडाला कुलूप लावलं. हे मला पकडण्याच्या पराक्रमाहूनही मोठं वाटतं.

त्याची दुसरी बाजू मात्र बोचते. बोटीवरचा एक जण मेला होता, ५८ जण कैद झाले. त्यांना लुइझियानातल्या रस्टनच्या छावणीत इतर कैद्यांपासून वेगळं ठेवलं. पत्र लिहायची मुभा नाही, रेड क्रॉसला भेट नाही. तिकडे जर्मनीत ते मेले असं घरच्यांनी धरलं. संकेत वाचवण्यासाठी हे गरजेचं होतं हे मला पटतं, पण त्या आयांचा यात काय दोष होता?

युद्धानंतर बोट अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या गोदीत गंजत पडली आणि तोफांच्या सरावासाठी तिला बुडवायचं ठरत होतं. गॅलरी मूळचे शिकागोचे. त्यांनी आणि त्यांच्या पाद्री भावाने खटपट केली, शहरातल्या लोकांनी अडीच लाख डॉलर जमवले आणि १९५४मध्ये सेंट लॉरेन्स नदी आणि मोठ्या तलावांतून ती इथे ओढत आणली. तलावाकाठचा हमरस्ता ओलांडायला एक रात्र वाहतूक बंद ठेवावी लागली. आतले भाग नाहीसे झाले होते; ते मूळच्या जर्मन कंपन्यांनी फुकट पाठवले. पन्नास वर्षं ऊन, पाऊस आणि बर्फ सोसल्यावर २००४मध्ये तिला खाली दालनात उतरवलं.

जाणार असाल तर आतल्या फेरीचं तिकीट वेगळं असतं, ते आधीच काढा. फेरी लहान आहे आणि बंद जागेची भीती असेल तर त्रास होतो. पण आत जाण्याआधी बाहेरच्या दालनात भरपूर वेळ काढा. एनिग्मा तिथे आहे, टॉर्पेडो तिथे आहेत आणि पाण्याखालून वरचं पाहायच्या दुर्बिणीला, पेरिस्कोपला, डोळाही लावता येतो.