तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांना सगळं उघडं का नको?

"अगो, माणसं आपलीच ना? मग कर की सगळ्यांना सगळं उघडं!"

रत्नागिरीपासून देवगडपर्यंतच्या लहान ऑफिसांत संगणक आणि नॅस जोडून देण्याचं काम मी करते. हा प्रश्न मला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच. नॅस म्हणजे सगळ्यांच्या फाईली एकत्र ठेवायची जागा. ती सगळ्यांचीच आहे, तर कुलपं कशाला, असं वाटणं साहजिक आहे. माझं उत्तर एका आंब्याच्या पॅकिंग ऑफिसातून आलंय, म्हणून आधी तिथलं सांगते.

तिथे बिलं विंडोजवर व्हायची, लेबलं छापणारा संगणक उबुंटूचा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर चालणारा, आणि खोक्यांचं डिझाइन मालकांची मुलगी तिच्या मॅकवर करायची. एप्रिलमधल्या एका पहाटे वाशीला जाणारा ट्रक दारात उभा होता. लेबलची फाईल उबुंटूवर उघडत होती, पण बदल करून सेव्ह होईना. फाईल मुलीची, फोल्डरही तिनेच बनवलेला. नॅसने बाकीच्यांना फक्त वाचायची मुभा ठेवली होती. कुणीतरी फोनवरून सांगितलं, सगळ्याला ७७७ द्या आणि पासवर्डही काढून टाका. तसं केलं, लेबलं छापली, ट्रक गेला.

दहा दिवसांनी 'बागायतदार' नावाचा अख्खा फोल्डर दिसेनासा झाला. कुणाच्या किती पेट्या आल्या, कुणाचे किती देणे, सगळं त्यात. दोन दिवसांनी तो 'जुनी बिलं'च्या पोटात सापडला. कुणाचा तरी माऊस घसरला होता. कुणाचा, ते कळायला मार्गच नव्हता, कारण सगळे एकाच बिननावाच्या पाहुण्याच्या रूपाने आत येत होते. संशय गेला हंगामापुरत्या आलेल्या पोरावर. ते दोन दिवस त्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. त्याने केलं असेल किंवा नसेल, पण आपण केलं नाही हे दाखवायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं. म्हणून म्हणते, माणसं आपलीच आहेत म्हणूनच प्रत्येकाचं नाव वेगळं हवं.

आता ७७७ म्हणजे काय. लिनक्स आणि मॅक युनिक्सच्या घराण्यातले. तिथे परवानगीच्या तीन ओळी: मालक, ग्रुप आणि बाकीचे. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज ७. तीनदा सात म्हणजे वाटसरूलाही सगळं खुलं. विंडोजची पद्धत वेगळी. आपल्या कोकणातला सातबारा आठवा, आजोबांच्या पश्चात सगळ्या चुलत्यांची नावं एकाखाली एक. विंडोजची यादी तशी असते, हव्या तितक्या नावांची, प्रत्येकापुढे त्याचा हक्क आणि वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेल्या नोंदी. या दोन भाषांत दुभाषाचं काम बहुतेक नॅसमध्ये सांबा करतो. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम आजही लोक मिळून सांभाळतात. मला त्याबद्दल फार आदर आहे. पण लांबलचक यादी तीन ओळींत बसवताना काहीतरी गळणारच. म्हणून विंडोजवरून नावानिशी परवानग्या लावल्या असतील, तर त्याच फोल्डरवर लिनक्समधून सीएचमॉड, म्हणजे परवानगीचे आकडे बदलायची आज्ञा, चालवू नका. ग्रुपचा आकडा बदलायला जाता आणि नावानिशी दिलेल्या हक्कांनाच कात्री लागते.

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे: परवानगी फाईलला देत बसतात. एक्सेलसारखे प्रोग्रॅम सेव्ह करताना बहुधा जुनी फाईल तशीच दुरुस्त करत नाहीत. शेजारी नवी लिहितात, जुनी हटवतात आणि नवीला जुनीचं नाव देतात. म्हणजे तुमची फाईल दर सेव्हला नव्याने जन्मते आणि जन्माला येते ती फोल्डरच्या नियमाने. काल फाईलवर घातलेली मेहनत आज शिल्लक नसते. पुसण्याचंही तेच. लिनक्समध्ये फाईल पुसायला त्या फाईलवर नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लिहिण्याचा हक्क लागतो. फोल्डर ही नावांची वही आहे. वहीत लिहिता येणारा कुठलंही नाव खोडू शकतो, मग ती फाईल त्याला वाचता येत नसली तरी.

म्हणून मी फोल्डर धरते आणि ग्रुप धरते. 'बिलं', 'लेबलं', 'बागायतदार' असे ग्रुप, प्रत्येक फोल्डर एकेका ग्रुपच्या नावावर, आकडा २७७०, म्हणजे मालकाला आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काहीच नाही. सुरुवातीचा २ महत्त्वाचा: आत जे नवं बनेल ते बनवणाऱ्याच्या ग्रुपचं न होता फोल्डरच्या ग्रुपचं होतं. सांबाला नव्या फाईलसाठी ०६६० सांगायचं, म्हणजे मालक आणि ग्रुप दोघांनाही वाचायला-लिहायला, नाहीतर ग्रुपला वाचता येईल पण लिहिता येणार नाही, म्हणजे त्या पहाटेचीच गत. एक खाच मात्र उरते. त्याच नॅसवर कट-पेस्ट करून हलवलेली फाईल बहुधा जुन्या परवानग्या घेऊनच येते. कॉपी केलेली नव्या जागेचे नियम घेते. मी सगळ्यांना कॉपीच करायला लावते.

लिनक्सवाले म्हणतात, आम्हाला एनएफएस द्या, म्हणजे नॅसच्या फाईलींपर्यंत जायची युनिक्स घराण्यातली वाट. लहान ऑफिसात मी देत नाही. साध्या मांडणीत एनएफएस माणसाचं नाव विचारत नाही, समोरचा संगणक वापरकर्त्याचा जो आकडा सांगेल तो खरा मानतो. उबुंटूवर पहिला वापरकर्ता १०००, मॅकवर ५०१. दोन टेबलांवर दोन उबुंटू असतील तर दोघेही १०००, आणि नॅसच्या लेखी ती दोन माणसं एकच. सर्व्हे नंबर सांगितला म्हणून कुणी जमीन नावावर करून देत नाही. तेव्हा विंडोज, मॅक, लिनक्स सगळे एसएमबीच्याच, म्हणजे सांबा बोलतो त्या विंडोजच्या पद्धतीच्या, दाराने, आपापल्या नावाने आणि पासवर्डने. वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल. बॅकअप वेगळा घ्यायचाच, परवानग्यांनी तो होत नाही.

मराठी नावांचीही एक गोष्ट सांगून ठेवते. 'शेतकऱ्यांची यादी' यातलं ऱ दोन प्रकारे साठवता येतं: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. मॅकची डिस्कवर फाईली ठेवायची जुनी एचएफएस प्लस पद्धत दुसरा प्रकार वापरायची. तिथून फाईली थेट लिनक्सवर आणल्या की डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन याद्या शेजारीशेजारी बसू शकतात. तो परवानगीचा दोष नसतो. परवानग्या उलटसुलट करण्याआधी हे बघा.

त्या ऑफिसात आता हंगामाची माणसं मार्चमध्ये आली की प्रत्येकाच्या नावाचं खातं निघतं आणि ते ग्रुपमध्ये जातं. नव्या ग्रुपात घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत आत यावं लागतं, नाहीतर "अजून दिसत नाही" म्हणून फोन येतो. जूनमध्ये पाऊस लागला, माणसं गावाला गेली, की तीच नावं ग्रुपमधून काढायची. त्यांनी बनवलेल्या फाईली जागच्या जागी राहतात, कारण त्या ग्रुपच्या नावावर आहेत.