पिरंगुटच्या पुढे, हॉस्पिटल 'वीस मिनिटांवर': आईसोबत तीन रात्री

आईसाठी पुण्याजवळ पिरंगुटच्या पुढचं एक ज्येष्ठांचं निवास बघत होतो, म्हणून आम्ही दोघी तीन रात्री तिथं राहून आलो. आधी आकडा सांगते. माहितीपत्रकात 'मोठं हॉस्पिटल अवघ्या २० मिनिटांवर' असं छापलंय. रविवारी संध्याकाळी साडेसहाला गेटपासून कोथरूडपर्यंत मी स्वतः गाडी काढली. १ तास २२ मिनिटं. मुळशी-ताम्हिणीहून परतणारं अख्खं पुणं त्या वेळी त्याच रस्त्यावर असतं आणि भूगावात सगळं तुंबतं. चांदणी चौकात २०२३ मध्ये नवा पूल झाला, हे मॅनेजरनं मला तीनदा ऐकवलं. पण पूल भूगावच्या पुढे आहे, साहेब. तिथवर पोचायचं कसं?

आणि त्याही आधी मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंतचे दोन किलोमीटर. एकच गाडी जाईल एवढी वाट, दिवा एकही नाही, ओढ्यावरच्या मोरीला कठडा नाही. समोरून डंपर आला तेव्हा मला शंभर पावलं मागे यावं लागलं. मागे आई स्ट्रेचरवर असती तर? जागा बघायला जाणार असाल तर रविवारी संध्याकाळीच जा. मंगळवारी सकाळी अकराला बोलावतात, त्या वेळी रस्ता रिकामा असतो.

खोली छान, डोंगर दिसतो. पुढे.

मोजपट्टी बरोबर असेलच. बाथरूमचं दार मोजा. आमचं २४ इंच निघालं. आईचा वॉकर आडवा करून कसाबसा जातो, व्हीलचेअर जाणारच नाही. ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांत दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण ३५ इंच हवं, असं महारेरानं, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकानं, २०२४ मध्ये सांगितलंय. इमारत त्याआधीची आहे, असं उत्तर मिळालं. माणसं मात्र आजची आहेत ना!

दुसऱ्या रात्री २.४० ला मी मुद्दाम उशाजवळची बेल दाबली. आई जागीच होती, म्हणाली, "अगं, कशाला उगाच त्या पोरीला उठवतेस?" पोरगी आली १७ मिनिटांनी, धापा टाकत, ओढणी सावरत. दोन मजल्यांना ती एकटीच. तिचा काही दोष नाही. 'चोवीस तास देखरेख' म्हणतात ती हीच.

आता बिल. ट्रायल स्टेचे, म्हणजे राहून बघायचे, दोघींना रोजचे ३,५०० ठरले होते, जेवणासकट. म्हणजे तीन दिवसांचे १०,५००. हातात बिल पडलं १५,९८० चं. गुडघे दुखले म्हणून आई सहा वेळा खोलीत जेवली, दर वेळी १५० म्हणजे ९००. साखर आठदा तपासली, ४८०. 'प्रवेशपूर्व मूल्यांकन' २,०००, हे म्हणजे एका नर्सनं दहा मिनिटं विचारलेले प्रश्न. आणि रात्रीची अटेंडंट २,१००. होय, तीच, १७ मिनिटांवाली! मी अर्धा तास वाद घातला, साखरेचे ४८० तेवढे कमी झाले. तेव्हा जायच्या आधीच दरपत्रक लेखी मागा, आणि 'वेगळा आकार कशाकशाला?' एवढा एकच प्रश्न विचारून गप्प बसा.

कायमचं राहायचं तर भरायच्या १५ लाखांच्या ठेवीबद्दलही तेच. परत मिळते, पण त्या खोलीत नवीन माणूस आल्यावर. तारीख नाही. अंथरुणाला खिळल्यास किंवा विसरभोळेपणा वाढल्यास ३० दिवसांत खोली सोडायची, हे करारात अकराव्या पानावर आहे. अकरावं पान आधी वाचा. आणि काहीही झालं तरी राहतं घर लगेच विकू नका, वर्षभर भाड्यानं द्या.

तळेगावची दुसरी जागा पुढच्या आठवड्यात पाहिली. दार रुंद, रस्ता डांबरी, रात्री माणसं तीन. दोन तासांत आटोपलं, सांगण्यासारखं फारसं काही नाही. माझं मत: पिरंगुटला जाऊ नका. तिशीतले धडधाकट असाल तर वीकेंडला जरूर जा.

आईचं मत वेगळं. पिरंगुटला वरणात हिंग होता, तळेगावला नाही. ती अजून विचार करतेय.